राजाश्रय आणि लोकाश्रय : एका क्यूबन मुष्टियोद्ध्याची कहाणी

कलावंताला आश्रय लागतो, ही गोष्ट आपल्याकडे फार पूर्वीपासून मान्य झालेली आहे. मल्ल असो, गवई असो वा चित्रकार असो, त्याच्या विद्येच्या मागे कोणाचा तरी हात असावा लागतो. हा आश्रय दोन प्रकारचा. एक राजाश्रय आणि दुसरा लोकाश्रय. पहिल्यात पोटाची चिंता नसते, परंतु धन्याची मर्जी सांभाळावी लागते. दुसऱ्यात धनी नसतो, परंतु तिकीट काढून आलेल्या माणसाची आवड सांभाळावी लागते. एकाच्या छत्राखाली वाढलेली विद्या दुसऱ्याच्या बाजारात तितकीच मोलाची ठरेल, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. कॅरिबियन समुद्रातील क्यूबा या बेटावर जन्मलेला मुष्टियोद्धा गिलेर्मो रिगोंदो याचे चरित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्याने राजाश्रयाचा त्याग केला, जिवावर उदार होऊन समुद्र ओलांडला आणि जगातील सर्वांत श्रीमंत बाजारपेठेत आपली विद्या मांडली. त्या विद्येत कोणी खोट काढू शकले नाही. मात्र तिला गिऱ्हाईक फार थोडे मिळाले.

रिगोंदोचा जन्म ३० सप्टेंबर १९८० रोजी पूर्व क्यूबातील सांतियागो दे क्यूबा या प्रांतात झाला. हे आडनाव स्पॅनिश नसून फ्रेंच वळणाचे आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस शेजारच्या हैतीमध्ये गुलामांचा मोठा उठाव झाला, तेव्हा अनेक फ्रेंच मळेवाले आपल्या गुलामांसह पूर्व क्यूबात आले आणि त्यांनी तेथील डोंगरउतारांवर कॉफीचे मळे वसविले. त्या भागात अशी आडनावे आजही आढळतात. याच मुलखाने क्यूबाला गवई दिले, क्रांतिकारक दिले आणि मुष्टियोद्धेही दिले.

मुष्टियुद्ध क्यूबात नवे नव्हते. एलिहियो सार्दिन्यास हा हवानाच्या रस्त्यावर वर्तमानपत्रे विकणारा मुलगा 'किड चॉकलेट' या नावाने अमेरिकेत गाजला आणि १९३१ मध्ये क्यूबाचा पहिला व्यावसायिक जगज्जेता ठरला. पुढे १९५१ मध्ये हेरार्दो गोन्सालेस याने वेल्टर गटाचा किताब जिंकला. त्याला लोक 'किड गाविलान' म्हणत. गाविलान म्हणजे ससाणा. त्या काळी हवाना ते न्यूयॉर्क हा मुष्टियोद्ध्यांचा नेहमीचा मार्ग होता. गरीब मुलगा गल्लीत मार खात शिकावा, कोणा दलालाच्या नजरेस पडावा आणि त्याच्या ठोशांवर दहाजणांनी आपले खिसे भरावेत, हा त्या व्यवसायाचा रिवाजच होता.

१९५९ मध्ये क्रांती झाली आणि फिदेल कास्त्रो सत्तेवर आले. खेळाडूच्या शरीराचा व्यापार म्हणजे शोषण होय, अशी नव्या राजवटीची भूमिका होती. १९६२ पर्यंत व्यावसायिक खेळांवर संपूर्ण बंदी आली. उल्तिमिनिओ रामोस आणि होसे नापोलेस यांच्यासारखे मुष्टियोद्धे मेक्सिकोत गेले आणि तेथून जगज्जेते झाले. मागे राहिलेल्यांसाठी शासनाने निराळीच व्यवस्था उभारली. शाळाशाळांतून मुले निवडावयाची, त्यांना प्रांतिक क्रीडाशाळांत ठेवावयाचे, आणि त्यांतील वेचक मुलांना हवानाच्या बाहेर असलेल्या राष्ट्रीय केंद्रात आणावयाचे. या केंद्राला सर्वजण 'ला फिंका' म्हणजे 'मळा' म्हणतात. क्यूबातील जुनी ठोसेबाजी आणि सोव्हिएत प्रशिक्षकांची शास्त्रीय शिस्त यांचा संगम तेथे झाला. आल्सिदेस सागार्रा हे या घराण्याचे आद्य गुरू होत. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये क्यूबाने मुष्टियुद्धात तीन सुवर्णपदके मिळविली. १९९२ मध्ये बार्सिलोना येथे ती संख्या सातवर गेली. एवढ्याशा बेटाने एका खेळात अख्ख्या जगाला मागे टाकल्याची अशी उदाहरणे फार नाहीत.

या घराण्याची विद्या कशी होती, हे समजल्याखेरीज रिगोंदोची पुढची कथा समजणार नाही. त्या काळच्या हौशी मुष्टियुद्धात दोन दोन मिनिटांच्या चार फेऱ्या असत. रिंगणाभोवती पाच पंच यंत्राच्या कळांवर बोटे ठेवून बसत, आणि त्यांतील तिघांनी जवळजवळ एकाच क्षणी कळ दाबली तरच गुण नोंदला जाई. प्रतिस्पर्ध्याला खाली पाडणारा प्रचंड ठोसा आणि कपाळावर स्वच्छ बसलेला साधा ठोसा यांची किंमत सारखीच, एक गुण. अशा नियमांत शहाणपण कशात असणार? आपला ठोसा पंचांना स्पष्ट दिसेल असा मारावा आणि दुसऱ्याचा आपल्याला लागण्यापूर्वी तेथून निघून जावे. ही गोष्ट रिगोंदोइतकी कोणाला साधली नाही. तो डावखुरा, अंगाने लहानसा. पण अंतराचा त्याचा अंदाज विलक्षण होता. समोरच्याचा ठोसा त्याच्या हनुवटीपासून दोन बोटांवरून निघून जाई आणि तो परत फिरण्यापूर्वी रिगोंदोचा डावा हात आपले काम करून आलेला असे. २००० मध्ये सिडनी येथे त्याने रशियाच्या मालाखबेकोव्हला आणि २००४ मध्ये अथेन्स येथे थायलंडच्या वोरापोज पेचकूमला अंतिम सामन्यात हरविले. २००१ व २००५ मध्ये तो हौशी जगज्जेताही झाला. हौशी मुष्टियुद्धात जिंकण्यासारखे आता फारसे काही उरले नव्हते.

क्यूबात अशा वीराला मान होता, घर होते, काहींना मोटारही मिळे. परंतु पैसा नव्हता, आणि पैसा मागणे हाच दोष होता. त्याच्यापुढे आदर्श होता तो तेओफिलो स्टीव्हनसनचा. लागोपाठ तीन ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकणाऱ्या या महाकाय वीराला मोहम्मद अलीशी लढण्यासाठी दहा लाख डॉलर आणि त्याहून अधिक देऊ केले गेले. ऐंशी लाख देशबांधवांच्या प्रेमापुढे त्या रकमेची काय किंमत, असे उत्तर त्याने दिले आणि ते देशात घरोघर पोहोचले. स्टीव्हनसनच्या मनात खोट नव्हती, यात शंका नाही. तो शेवटपर्यंत हवानात राहिला आणि २०१२ मध्ये तेथेच वारला. परंतु एकाने आनंदाने केलेला त्याग पुढच्या सर्वांसाठी सक्तीचा झाला, की त्याची गोडी जाते. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला, तेथून मिळणारे साहाय्य थांबले आणि बेटावर अन्नाचीही टंचाई झाली. बार्सिलोनाचा सुवर्णपदक-विजेता होएल कासामायोर याला पारितोषिक म्हणून सायकल मिळाली होती, असे तो पुढे सांगत असे. १९९६ मध्ये अटलांटा ऑलिंपिकच्या तोंडावर मेक्सिकोतील सराव-शिबिरातून तो निघून गेला आणि २००० मध्ये व्यावसायिक जगज्जेता झाला. वाट उघडी आहे, हे मागे राहिलेल्यांनी पाहिले.

अथेन्समध्ये क्यूबाच्या पाच मुष्टियोद्ध्यांनी सुवर्णपदके मिळविली होती. त्यांपैकी युरिओर्किस गाम्बोआ, यान बार्तेलेमी आणि ओदलानियेर सोलिस हे तिघे २००६ च्या डिसेंबरात व्हेनेझुएलातील शिबिरातून निसटले आणि जर्मनीतील एका प्रवर्तकाकडे गेले. पाचांतले तीन गेले. चौथा होता रिगोंदो.

२००७ च्या जुलैमध्ये ब्राझीलमधील रिओ द जानेरो येथे पॅन-अमेरिकन क्रीडास्पर्धा चालू होत्या. तेथे रिगोंदो आणि त्याचा सहकारी एरिस्लांदी लारा हे दोघे आपल्या सामन्याला आलेच नाहीत. जर्मन प्रवर्तकाने ते आपल्याशी करारबद्ध झाल्याचे जाहीर केले. परंतु काही दिवसांतच ते ब्राझीलच्या पोलिसांना सापडले आणि मायदेशी पाठविले गेले. फिदेल कास्त्रो तेव्हा आजारी असून वृत्तपत्रांतून लेख लिहीत असत. त्यांनी या प्रकरणावर लेखणी चालविली. पथक सोडून जाणारा खेळाडू म्हणजे रणांगणातून सोबत्यांना टाकून पळणारा सैनिक होय, असा त्यांचा दृष्टांत होता. दोघांना तुरुंगात टाकले गेले नाही. मात्र क्यूबाच्या वतीने ते पुन्हा कधीही लढणार नाहीत, असा निर्णय झाला. मुष्टियोद्ध्याला रिंगणाबाहेर ठेवणे ही त्याच्या दृष्टीने कोणत्या शिक्षेहून कमी होती?

सव्विसाव्या वर्षी, ऐन भरात असताना, जगातील सर्वश्रेष्ठ हौशी मुष्टियोद्धा हवानात रिकामा बसला. त्या दिवसांत त्याला भेटलेल्या एका परदेशी पत्रकाराने त्याच्या तोंडातील सोन्याच्या दातांविषयी विचारले. ऑलिंपिकची आपली पदके वितळवून ते दात करून घेतले, असे उत्तर त्याने दिल्याचे त्या पत्रकाराने लिहून ठेवले आहे. ही गोष्ट शब्दशः घ्यावी की कडवटपणाने केलेला विनोद समजावी, हे ज्याचे त्याने ठरवावे. त्याच्या मनाची स्थिती तीतून कळते, एवढे खरे.

या गळतीचा फटका क्यूबाला लवकरच बसला. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये त्यांच्या मुष्टियोद्ध्यांनी आठ पदके मिळविली, पण त्यांत सुवर्ण एकही नव्हते. भारतीयांना ही स्पर्धा वेगळ्या कारणाने स्मरते. मुष्टियुद्धातील भारताचे पहिले ऑलिंपिक पदक विजेंदर सिंग याने तेथेच मिळविले, आणि उपांत्य फेरीत त्याला हरविणारा एमिलिओ कोरेआ हा क्यूबाचाच होता. या मुष्टियोद्ध्याचे वडील म्युनिकमधील तीन सुवर्णपदक-विजेत्यांपैकी एक. भारतीय मुष्टियोद्ध्यांना घडविण्यात अनेक वर्षे खपलेले, आणि २०१२ मध्ये द्रोणाचार्य पुरस्काराने गौरविले गेलेले ब्लास इग्लेसियास फर्नांडिस हेही क्यूबाचेच. म्हणजे क्यूबाची ही विद्या शासनाच्या संमतीने गुरूंच्या रूपाने जगभर जात होती. शिष्यांना मात्र ती घेऊन जाण्याची मुभा नव्हती.

लारा २००८ मध्ये समुद्रमार्गे निसटला. २००९ च्या फेब्रुवारीत रिगोंदोही निघाला. रात्रीच्या अंधारात सुटणारी मचवेवजा नाव, तस्करांच्या हाती सोपविलेला जीव आणि मागे राहिलेली बायकामुले, हे त्या प्रवासाचे स्वरूप. मेक्सिकोमार्गे तो अमेरिकेत मायामीला पोहोचला. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरील या नगरात क्यूबातून आलेल्यांची मोठी वस्ती आहे. तेथेच २२ मे २००९ रोजी त्याने पहिला व्यावसायिक सामना खेळला आणि तिसऱ्या फेरीत जिंकला. तेव्हा त्याचे वय अठ्ठावीस होते. या वयात पुष्कळ व्यावसायिक मुष्टियोद्धे आपल्या कीर्तीच्या शिखरावर असतात. त्याचा येथे श्रीगणेशा होता.

व्यावसायिक मुष्टियुद्ध हा नावाने तोच, परंतु वृत्तीने निराळा खेळ आहे. किताबाच्या सामन्यात तीन तीन मिनिटांच्या बारा फेऱ्या असतात. डोक्याला संरक्षक टोप नसतो. प्रतिस्पर्ध्याला पाडले तर फेरीच्या गुणांत मोठा फरक पडतो. पण याहून महत्त्वाचा भेद असा, की येथे कोणी कोणाशी लढावे हे क्रमवारी ठरवीत नाही. प्रवर्तक आणि दूरचित्रवाणी-संस्था यांच्या करारांवर ते ठरते, आणि ते करार प्रेक्षकांच्या संख्येवर अवलंबून असतात. जो अधिक माणसे खेचतो त्याला अधिक पैसा व अधिक संधी मिळते. एवढ्या एका गोष्टीचा हिशेब 'मळ्या'वर कोणी शिकविलेला नव्हता.

आरंभी सर्व सुरळीत चालले. रिंगणात तो 'एल चाकाल' म्हणजे 'कोल्हा' या नावाने उतरू लागला. १३ नोव्हेंबर २०१० रोजी टेक्सासमध्ये पनामाच्या रिकार्दो कोर्दोबाला हरवून त्याने सुपर बँटम गटाचा, म्हणजे सुमारे पंचावन्न किलो वजनाचा, हंगामी जागतिक किताब मिळविला. हा त्याचा अवघा सातवा व्यावसायिक सामना होता. २० जानेवारी २०१२ रोजी लास व्हेगास येथे रिको रामोसला सहाव्या फेरीत झोपवून तो पूर्ण जगज्जेता झाला. उशिरा निघालेला प्रवासी वेळेवर पोहोचला, असे वाटावे अशी ही चाल होती.

१३ एप्रिल २०१३ हा त्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठा दिवस. न्यूयॉर्कमधील रेडिओ सिटी म्युझिक हॉल या विख्यात नाट्यगृहात त्याची गाठ फिलिपिन्सच्या नोनितो दोनायरेशी पडली. आदल्या वर्षीचा सर्वोत्तम मुष्टियोद्धा म्हणून दोनायरेचा गौरव झालेला होता. त्याचा डावा ठोसा म्हणजे साक्षात वज्र. तो जिंकणार, असेच बहुतेकांचे मत होते. रिगोंदोच्या कोपऱ्यात पेद्रो दियास हा क्यूबाच्या राष्ट्रीय पथकात काम केलेलाच प्रशिक्षक उभा होता. मायदेशाने नाकारलेल्या दोघांनी मायदेशीची विद्या त्या रात्री पणाला लावली. दोनायरे पुढे येई, ठोसा फेकी, आणि तो हवेतच विरे. रिगोंदो अर्धे पाऊल मागे सरके, वळे, डावा हात मारी आणि दिसेनासा होई. दहाव्या फेरीत एकदा तो खाली पडला. परंतु लगेच उठून त्याने पुन्हा आपली लय पकडली. अखेरीस तिन्ही पंचांनी त्याच्या बाजूने कौल दिला : ११४-११३, ११५-११२ आणि ११६-१११. मुष्टियुद्धाचे मर्मज्ञ आजही त्या सामन्याची गणना बचावकलेच्या उत्कृष्ट प्रात्यक्षिकांत करतात.

सभागृहातील अनेक प्रेक्षकांनी मात्र त्याची हुर्यो केली. त्यांनी पैसे मोजले होते ते दोन वीर एकमेकांना भिडताना पाहण्यासाठी. त्यांना दिसला एक पाठलाग करणारा आणि एक न सापडणारा. ज्या प्रवर्तकाच्या छत्राखाली तो सामना झाला, त्या बॉब अरम यांनीच पुढे, रिगोंदोचे नाव काढताच दूरचित्रवाणीचे अधिकारी तोंड फिरवितात, अशा आशयाचे पण याहून बोचऱ्या शब्दांतले उद्गार काढले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याने जोसेफ अग्बेकोला बाराच्या बारा फेऱ्यांत हरविले. तिन्ही पंचांचे गुण १२०-१०८ असे एकसारखे. गुणपत्रिकेच्या दृष्टीने याहून परिपूर्ण विजय संभवत नाही. आश्रयाच्या दृष्टीने तो पराजयच ठरला. मोठ्या दूरचित्रवाणी-संस्थेचे दार बंद झाले आणि पुढे प्रवर्तकाशीही फारकत झाली.

येथून पुढची वर्षे भ्रमंतीची आहेत. २०१४ मध्ये तो एकदा मकाव येथे लढला, तर वर्षअखेरीस जपानमधील ओसाका येथे. तेथे हिसाशी अमागासा याने त्याला एकाच फेरीत दोनदा खाली पाडले; तरीही सावरून त्याने प्रतिस्पर्ध्याचा चेहरा असा सुजविला, की अकराव्या फेरीनंतर त्याला उठता आले नाही. २०१६ मध्ये कार्डिफ येथे दोन फेऱ्यांत समोरच्याचा जबडा मोडला. मोठे प्रतिस्पर्धी त्याच्या वाऱ्यालाही उभे राहत नव्हते, कारण त्याच्याशी लढण्यात हरण्याचा धोका पुरेपूर आणि मिळकत बेताची. त्याच्या कौशल्यानेच त्याची अशी कोंडी केली होती.

शेवटी मोठ्या सामन्यासाठी त्याला आपल्या वजनगटाहून दोन गट वर जावे लागले. ९ डिसेंबर २०१७ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये युक्रेनच्या वासिल लोमाचेन्कोशी त्याचा सामना झाला. दोघांच्याही नावावर प्रत्येकी दोन ऑलिंपिक सुवर्णपदके असलेल्या मुष्टियोद्ध्यांचा व्यावसायिक रिंगणातील हा पहिलाच सामना. रिगोंदो सदतीस वर्षांचा होता आणि समोरचा त्याच्याहून थोराड व तरुण होता. सहा फेऱ्यांनंतर, हाताला दुखापत झाल्याचे सांगून तो उठलाच नाही. आजवर न हरलेल्या माणसाचा पहिला व्यावसायिक पराभव असा बाकावर बसून झाला. २०२० मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर, त्याने बँटम गटातील एक किताब पुन्हा मिळविला. २०२१ मध्ये जॉन रिएल कासिमेरोविरुद्ध तो निसटत्या कौलाने हरला. त्या बारा फेऱ्यांत दोघांचे मिळून शंभर ठोसेही नीट लागले नाहीत, आणि प्रेक्षकांनी पुन्हा तीच हुर्यो केली. २०२२ मध्ये घरी प्रेशर कुकर फुटून त्याच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली. तरीही २०२३ मध्ये तो रिंगणात परतला.

त्याच २०२२ साली क्यूबाने सहा दशकांची बंदी उठविली. मे महिन्यात मेक्सिकोतील आग्वासकालियेन्तेस या शहरात क्यूबाच्या ऑलिंपिक विजेत्यांनी, सरकारी संमतीने आणि राष्ट्राच्या नावाने, व्यावसायिक सामने खेळले. पंधरा वर्षांपूर्वी ज्या गोष्टीची इच्छा धरली म्हणून दोन तरुणांना पळपुटे सैनिक म्हटले गेले, तीच गोष्ट आता शासनाचे धोरण झाली.

रिगोंदोच्या या कहाणीत खलपुरुष शोधू जाणे व्यर्थ आहे. ज्या राज्याने त्याला घडविले, त्याने एका खेड्यातील गरीब मुलाला अशी विद्या दिली, की ती कोणा दलालाने कधी दिली नसती. ज्या बाजाराने त्याला नाकारले, त्याने निदान आपली विद्या विकावयाची की नाही हे ठरविण्याचा अधिकार त्याला दिला. राज्य म्हणत होते, हे कौशल्य आमचे आहे. बाजार म्हणत होता, आम्हांला हवे तसे बदललेस तर ते आम्ही विकत घेऊ. या दोघांपैकी कोणाचेही त्याने पुरते ऐकले नाही. प्रेक्षकांसाठी चार ठोसे अधिक खाण्याची तयारी त्याने दाखविली असती, तर कदाचित तो फार श्रीमंत झाला असता. पण तरुणपणी अंगी मुरलेली गोष्ट, मारावे आणि मार खाऊ नये, ही त्याने पन्नाशीकडे झुकतानाही सोडली नाही. तिच्यासाठी त्याने देश गमावला आणि तिच्यापायीच दुसऱ्या देशातील टाळ्या गमावल्या. दोन्ही आश्रय सुटल्यावर माणसाजवळ जे उरते ते त्याचे स्वतःचे, असे म्हणावयाचे असेल, तर ही विद्या निःसंशय रिगोंदोची होती.